जंक म्हणजे कचरा नव्हे

इंग्रजीतल्या 'जंक' या शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला तर बहुतेक जण 'कचरा' म्हणतील. जंक फूड, जंक मेल वगैरे ऐकून तसंच वाटतं. पण या शब्दाचा इतिहास पाहिला तर गंमत कळते. जंक म्हणजे मुळात फेकायची नव्हे, तर ठेवायची वस्तू!

हा शब्द खलाशांचा. मध्ययुगीन इंग्रजीत जंक म्हणजे जहाजावरचे जुने, झिजलेले दोर. (चिनी जहाजालाही इंग्रजीत जंक म्हणतात, पण तो शब्द वेगळा, मलाय भाषांतून पोर्तुगीजांमार्फत आलेला.) शिडाच्या जहाजाला दोर किती लागत? पोर्टस्मथला जतन केलेल्या 'व्हिक्टरी' या १७६५ सालच्या युद्धनौकेवर सुमारे २६ मैल! ते झिजले की तुकडे करून ठेवत. तुकड्यांचे पीळ सोडवून तंतू मोकळे करायचे, ते फळ्यांच्या फटींत ठासून वर डांबर ओतायचं, की पाणी आत येत नाही. म्हणजे जुना दोर जहाज तरंगतं ठेवायचा. खारवलेल्या चिवट मांसालाही खलाशी वैतागून जंकच म्हणत. जंक फूडचे पूर्वज म्हणा हवं तर.

मात्र पीळ सोडवायचं काम फार वाईट. डांबराने कडक झालेला दोर बोटांनी उकलायचा, नखं तुटेपर्यंत. म्हणून ते काम तुरुंगातल्या कैद्यांकडे आणि वर्कहाउसमधल्या निराधारांकडे जाई. डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टच्या वाट्याला हेच काम येतं. १८९५ साली सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डनेही ते केलं. 'पुनर्वापर' हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो, पण तेव्हा तो कुणाच्या बोटांवर चालायचा हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढे लोखंडी जहाजं आली, जुन्या दोरांची गरज घटली. जंक म्हणजे कुठलंही जुनंपुराणं सामान झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'टाकून देणे' असं क्रियापदही झालं. ठेवायची वस्तू अशी टाकायची झाली.

हा नुसता शब्दच्छल नाही. १९७२ साली सुसुमु ओनो यांनी आपल्या जनुकसंचातल्या मोठ्या भागाला 'जंक डीएनए' म्हटलं. प्रथिनांचे आराखडे त्यातल्या जेमतेम एक-दोन टक्क्यांत असतात. उरलेल्यातल्या काही भागात जनुकं चालू-बंद करणारी बटणं सापडली. २०१२ साली 'एन्कोड' प्रकल्पाने ८० टक्के भाग कार्यरत असल्याचा दावा केला आणि त्यावर जोरदार वादही झाला. या संदर्भात नोबेल विजेते सिडनी ब्रेनर एक नेमका फरक सांगत: कचरा आपण टाकतो, जंक ठेवून देतो.

आमच्या प्रयोगशाळेतही असं एक कपाट आहे. जुन्या मोटारी, अर्धवट सर्किटं, कशाचे ते न कळणारे स्क्रू. नवं यंत्र अडलं की पहिली धाव तिकडेच.

याला मराठीत अचूक शब्द आहे: अडगळ. माळ्यावर असते, वाटेत येते, पण टाकवत नाही. तेव्हा 'जंक डीएनए'चं मराठी करताना 'कचरा' नको. कचरा म्हटलं की हात लगेच केराच्या टोपलीकडे जातो. अडगळ म्हटलं तर निदान एकदा उचकून तरी पाहतो.