जुन्या घरातलं संग्रहालय आणि व्हीलचेअर: निघण्याआधी मोबाइलवर करायची तयारी

नकाशावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह दिसलं की आपण निश्चिंत होतो. मीही झालो होतो.

माझे मामा औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घराची दगडी भिंत अंगावर आली, कमरेखालची ताकद गेली आणि तेव्हापासून व्हीलचेअर. इतिहासाचं वेड मात्र जबरदस्त. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एका जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात घेऊन गेलो. नकाशावर चिन्ह होतं, दारापर्यंत रॅम्पही होता. आत गेल्यावर कळलं की बघण्यासारखं बहुतेक सगळं माडीवर, आणि माडीला एकच अरुंद लाकडी जिना. मामा म्हणाले, "तुम्ही या बघून, मी बसतो इथंच." तासभर ते चौकात बसून होते.

चूक नकाशाची नव्हती. मी चिन्ह बघितलं, त्याचा अर्थ बघितला नाही. हा लेख त्यासाठीच आहे. घरातल्या कुणाला तरी घेऊन तुम्ही असं ठिकाण बघायला निघणार असाल, तर आधी काय तपासायचं, कुणाला काय विचारायचं आणि मोबाइल नेमका कुठं कामाला येतो, ते एकेक करून बघू.

चिन्हाचा खरा अर्थ काय?

गुगल मॅप्समध्ये सुगम्यतेची माहिती चार वेगवेगळ्या गोष्टींची असते: प्रवेशद्वार, पार्किंग, स्वच्छतागृह आणि बसण्याची जागा. नावाशेजारी दिसणारं चिन्ह फक्त प्रवेशद्वाराबद्दल बोलतं. आतल्या खोल्या, माडी, स्वच्छतागृह याबद्दल ते काहीच सांगत नाही. म्हणून ठिकाणाच्या माहितीच्या पानावर खाली जाऊन सुगम्यतेची पूर्ण यादी वाचा. त्यातली बरीच माहिती आपल्यासारख्याच लोकांनी भरलेली असते, हेही लक्षात ठेवा.

दुसरा पर्याय म्हणजे व्हीलमॅप. जर्मनीत २०१० मध्ये सुरू झालेला हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतो आणि सिग्नलसारखे रंग वापरतो:

- हिरवा: दाराला पायरी नाही, आतल्या सगळ्या खोल्याही पायरीशिवाय.
- केशरी: दाराला जास्तीत जास्त एक पायरी, तीही साधारण ७ सेंटीमीटरपर्यंतच. महत्त्वाच्या खोल्या पायरीशिवाय.
- लाल: व्हीलचेअर जात नाही.
- राखाडी: अजून कुणी माहिती भरलेली नाही.

राखाडी म्हणजे "नाही" असं नाही. राखाडी म्हणजे "फोन करा".

जुन्या घरात नेमकं कुठं अडतं?

मॉलमध्ये अडचण आली तर लिफ्ट कुठं आहे एवढंच विचारावं लागतं. जुनं घर वेगळं असतं, कारण ते राहण्यासाठी आणि काही वेळा संरक्षणासाठी बांधलेलं असतं.

पहिली अडचण जोत्याची. वाडा जमिनीपासून उंच जोत्यावर असतो. रॅम्पचा मान्य उतार १:१२ आहे, म्हणजे जेवढी उंची त्याच्या बारा पट रॅम्पची लांबी. १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर रॅम्प लागतो. दोन फूट जोतं असेल तर २४ फूट! त्यामुळे "आम्ही फळी टाकून देऊ" असं कुणी म्हटलं तर आधी उंची विचारा. उभ्या फळीवर खुर्ची मागं उलटू शकते.

दुसरी अडचण दिंडीची. मोठ्या दरवाजात जे छोटं दार असतं, त्यातून वाकून आणि पाय उंच उचलून जावं लागतं. मोठा दरवाजा उघडता येतो का, हे आदल्या दिवशी विचारलं तर बऱ्याचदा काम होऊन जातं. ऐन वेळी विचारलं तर किल्ली कुणाकडं तरी असते आणि तो माणूस जेवायला गेलेला असतो.

तिसरी अडचण उंबरठ्यांची आणि दारांच्या रुंदीची. नव्या सार्वजनिक इमारतीत दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर धरतात. जुन्या आतल्या दारांचा भरवसा नाही. म्हणून घरीच टेप लावून आपल्या खुर्चीची रुंदी मोजा. मोजताना चाक फिरवायची बाहेरची कडी आणि त्यावरचा हातही धरा, नाहीतर चौकटीला बोटं घासतात.

चौथी अडचण जिन्याची. यावर जुगाड नाही. त्याचं पुढं बोलू.

उदाहरण घेऊन बघू: मुंबईचं मणिभवन

मामांच्या यादीत पुढचं नाव आहे मणिभवन. मुंबईत गावदेवीला, लॅबर्नम रोडवर हे घर आहे. गांधीजींचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथंच उतरायचे. रौलट कायद्याविरुद्धचा १९१९ चा सत्याग्रह इथून चालला. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना अटक झाली तीही इथल्याच गच्चीवरून.

आता हेच घर तयारीच्या नजरेनं बघा. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. गांधीजींची खोली मात्र दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे ज्यासाठी लोक येतात तीच गोष्ट सगळ्यात वर. त्यामुळे "तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?" हा प्रश्न इथं चुकीचा आहे. त्याचं उत्तर "हो, या की" असंच येणार. मोजता येईल असं विचारा.

फोनवर विचारायचे आठ प्रश्न

१. रस्त्यापासून मुख्य दारापर्यंत किती पायऱ्या? एका पायरीची उंची साधारण किती?
२. पायऱ्या नसलेलं दुसरं दार आहे का? मागचं, बाजूचं, सामान नेण्याचं?
३. सगळ्यात अरुंद दार किती सेंटीमीटर?
४. कोणती दालनं कोणत्या मजल्यावर? वर जायला लिफ्ट आहे का? आमची खुर्ची तिच्यात मावेल का?
५. व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह आवारात आहे का? नसेल तर जवळ कुठं?
६. माहिती सांगणारी व्यक्ती सोबत मिळेल का? मराठीत सांगेल का?
७. गर्दी कधी कमी असते? शाळांच्या सहली कोणत्या दिवशी येतात?
८. फोटो, व्हिडिओ कॉल चालतो का?

फोनवर बोलून झालं की तेच लेखी पाठवा, म्हणजे त्या दिवशी ड्यूटीवर दुसरं कुणी असलं तरी दाखवता येतं. हा नमुना कॉपी करून बदलून घ्या:

"नमस्कार. आम्ही तिघं जण अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता येत आहोत. एक जण व्हीलचेअर वापरतात. खुर्चीची रुंदी ६४ सेंटीमीटर, घडी होते. पायऱ्या चढता येत नाहीत, उचलून नेलेलं नको आहे. कृपया मोठा दरवाजा उघडता येईल का आणि वरच्या दालनांची माहिती तळमजल्यावर बसून मिळेल का, ते कळवावं."

त्यातलं "उचलून नेलेलं नको" हे वाक्य मामांनी घालायला लावलं. चार जणांनी खुर्ची उचलून जिना चढणं धोक्याचं असतंच, पण मुख्य म्हणजे उचलायचं की नाही हे ठरवायचा हक्क खुर्चीत बसलेल्या माणसाचा आहे. म्हणून निरोप लिहिण्याआधी त्यांनाच विचारा. टाइप करणं जमत नसेल तर जीबोर्डमध्ये मराठी भाषा निवडून माइकचं बटण दाबायचं, बोललेलं लिहिलं जातं.

प्रवासाचं थोडक्यात

नांदेडहून तपोवन एक्स्प्रेस, लातूरहून मुंबई एक्स्प्रेस. स्टेशनवरच्या व्हीलचेअरसाठी आधीच चौकशी करा, रेल्वेची मदत १३९ वर मिळते. मणिभवनला ग्रँट रोड स्टेशन जवळ आहे, पण लोकल म्हणजे पूल आणि जिने आले. त्यापेक्षा मोठ्या स्टेशनवरून सरळ टॅक्सी बरी. फक्त एक लक्षात घ्या: सीएनजी गाडीच्या डिकीत टाकी असते, घडीची खुर्चीही बसत नाही. गाडी बुक केल्यावर चालकाला फोन करून विचारा किंवा वर कॅरियर असलेली टॅक्सी बघा.

व्हीलचेअर नसेल, अडचण दुसरी असेल तर

ऐकू कमी येत असेल: अँड्रॉइडवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब बोललेलं मराठी स्क्रीनवर लिहून दाखवतं. फोन बोलणाऱ्याच्या जवळ धरा आणि "आमच्याकडे तोंड करून बोला" एवढं सांगा. नावं आणि सालं ते चुकवू शकतं, ती लिहून मागा. खुणांची भाषा लागत असेल तर दुभाष्याची सोय बरीच आधी करावी लागते.

दिसायला कमी येत असेल: काचेमागच्या पाट्यांसाठी गुगल लेन्स मजकूर वाचून दाखवतं. भाषांतर लागणार असेल तर गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि इंग्रजी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, जाड भिंतींच्या घरात रेंज जाते. हात लावून बघता येईल अशी एखादी वस्तू किंवा प्रतिकृती आहे का, तेही विचारा.

गर्दी-गोंगाटाचा त्रास होत असेल: मॅप्सवर अनेक ठिकाणी गर्दीच्या वेळांचा आलेख असतो, तो बघून वेळ ठरवा. आतले फोटो आदल्या दिवशी दाखवून ठेवा.

जिना चढताच येत नसेल तर?

जिथं लिफ्ट नाही तिथं वरचा मजला "राहिला" असं समजू नका. तुमच्यातला एक जण मोबाइल घेऊन वर जाईल, खाली बसलेल्या माणसाशी व्हिडिओ कॉल चालू. वर माहिती सांगणाऱ्याच्या कॉलरला माइक असलेला इअरफोन लावायचा, म्हणजे आवाज स्पष्ट येतो. आणि कॅमेरा कुठं न्यायचा हे खालच्या माणसानं सांगायचं: "डावीकडं घे", "तो चरखा जवळून दाखव", "त्यांना विचार, खिडकी मूळचीच आहे का". रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि हे, यात फरक हाच. इथं प्रश्न विचारता येतो.

आधी परवानगी घ्या, दोन्ही फोन पूर्ण चार्ज ठेवा, पॉवर बँक न्या, आणि पोचल्यावर पाच मिनिटं दोन्ही मजल्यांची रेंज तपासा.

हे सगळं केलं तरी तो पर्यायच आहे, बरोबरी नाही. ती जबाबदारी संस्थांची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम्य असायला हव्यात. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी नकोत, किमान निकष बंधनकारक हवेत. अडचण आली तर फोटो काढून सुगम्य भारत अॅपवर तक्रार करता येते. फोटोत पायरीशेजारी टेप धरा, म्हणजे उंची किती याबद्दल वाद उरत नाही.

परत आल्यावर पाच मिनिटं

आपल्याला जी माहिती मिळाली नाही, ती पुढच्याला मिळावी. गुगल मॅप्सवर फक्त "छान जागा" लिहू नका. "दाराला दोन पायऱ्या, आत उंबरठा, मुख्य दालन माडीवर, लिफ्ट नाही" असं लिहा. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं मोफत अॅप आहे. ते आसपासच्या ठिकाणांबद्दल साधे प्रश्न विचारतं, त्यात व्हीलचेअरचाही प्रश्न असतो. तुमचं उत्तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं आणि तिथून व्हीलमॅपवर दिसतं. कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, आपल्या गावचं वाचनालय, कुठूनही सुरू करा.

मणिभवनची तयारी आमची चालू आहे. आठही प्रश्न मामांनी स्वतः वाचले आणि नववा वाढवला: "गांधीजींच्या खोलीबद्दल सांगणारा माणूस पाच मिनिटं खाली येऊन माझ्याशी बोलेल का?" मला तो सुचला नव्हता. तुमची यादीसुद्धा ज्याच्यासाठी आहे, त्याला एकदा वाचायला द्या.