‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चारही बाजूंनी ऐकता येतं, मग सत्तरच्या दशकातली आपली गाणी का नाही?

१९७५ साल. १५ ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि मुंबईत ग्रँट रोडजवळच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये पाच वर्षं मुक्काम ठोकून बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये क्वीन या बँडचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा अल्बम आला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं याच अल्बममधलं. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पंचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. त्याचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ १९५८ मध्ये पंचगणीच्याच शाळेत तयार झाला होता.

पंचगणीच्या या विद्यार्थ्याचा अल्बम २००२ मध्ये सराउंड साउंडमध्ये पुन्हा बाजारात आला. पिंक फ्लॉइड, फ्लीटवुड मॅक, एल्टन जॉन अशा सत्तरच्या दशकातल्या कितीतरी नावांचे अल्बमही असेच नव्याने आले आणि अजून येत आहेत. त्याच काळात मुंबईत रेकॉर्ड झालेली बहुतेक गाणी मात्र अशी ऐकायला मिळत नाहीत. यामागे पैसा आणि बाजारपेठ आहेच, पण मुख्य कारण आहे टेप.

सराउंड साउंड म्हणजे नेमकं काय?

हे समजायला नारायणगावच्या तमाशाच्या कनातीत बसलेला प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा. बाईचा आवाज समोरून येतो, ढोलकी एका बाजूने, तुणतुणं दुसऱ्या बाजूने. झीलकऱ्यांचा सूर बाईच्या मागून उठतो. आणि शिट्ट्या? त्या पाठीमागून. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे ते कळतं.

याचं कारण आपले दोन कान. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि थोडा मोठा ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. डिंभे धरणाखाली उभ्या असलेल्या माणसाला पाण्याचा आवाज कुठून येतोय आणि भीमाशंकरच्या रस्त्यावरची एसटी कोणत्या बाजूने हॉर्न देतेय, हे न बघता समजतं ते याच हिशोबावर.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र ही दिशा मुद्दाम तयार करावी लागते.

- मोनो: सगळा आवाज एकाच वाटेने येतो.
- स्टिरिओ: डावा आणि उजवा, असे दोन चॅनेल. तमाशाचा फड समोर दिसतो, पण मागच्या शिट्ट्याही समोरूनच येतात.
- ५.१ सराउंड: समोर तीन, मागे किंवा बाजूला दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक वूफर. ‘.१’ म्हणजे हा वूफर.
- डॉल्बी अ‍ॅटमॉस: यात डोक्यावरूनही आवाज येतो. अमुक आवाज अमुक जागी, अशी नोंद फाइलमध्ये असते आणि ऐकणाऱ्याकडे जितके स्पीकर असतील त्यानुसार वाटणी होते. २०१२ मध्ये हे तंत्र आधी सिनेमागृहात आलं.

कल्पना नवी नाही, १९७०च्या दशकातलीच आहे

चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवून गाणी ऐकण्याची हौस सत्तरच्या दशकातच आली होती. तिचं नाव क्वाड्राफोनिक, थोडक्यात क्वाड. पिंक फ्लॉइडने तर १९६७ मध्येच लंडनच्या कार्यक्रमात प्रेक्षकांभोवती आवाज फिरवला होता.

त्यांचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ मध्ये आला आणि त्याची क्वाड आवृत्तीही निघाली. ती अ‍ॅलन पार्सन्स या साउंड इंजिनिअरने तयार केली. या अल्बमच्या ‘टाइम’ गाण्याच्या सुरुवातीला एकदम घड्याळं वाजायला लागतात. ते आवाज पार्सन्सने एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपले होते, आणि तेही चार स्पीकरच्या प्रात्यक्षिकासाठी. म्हणजे जगभर गाजलेला तो आवाज मुळात सराउंडसाठीच जन्माला आला होता.

तरीही दशक संपण्याआधीच क्वाड बुडालं. कंपन्यांचं एकमत नव्हतं. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४ अशा वेगवेगळ्या पद्धती होत्या. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसऱ्या यंत्रावर नीट वाजत नसे. त्यात चार स्पीकर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगळी सुई यांचा खर्च. ग्राहकाने हात जोडले.

पण एक चांगलं झालं. त्या वेळी केलेली क्वाड मिक्स कपाटात पडून राहिली आणि आता तीच पुन्हा विकली जात आहेत. अमेरिकेतल्या ऱ्हायनो कंपनीने ‘क्वाडिओ’ नावाने ब्लू-रे काढले, त्यात शिकागो बँडचे अल्बम होते.

पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं पाच स्पीकरमध्ये वाटतात कसं?

मिसळीचं उदाहरण घ्या. उसळ, रस्सा, फरसाण, कांदा वेगवेगळ्या भांड्यांत असेल तर ताट हवं तसं लावता येतं. एकदा ढवळून वाटीत दिलं, की उसळीतून फरसाण परत काढता येत नाही.

गाण्याची ‘वेगवेगळी भांडी’ म्हणजे मल्टिट्रॅक टेप. दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर शेजारी शेजारी १६ किंवा २४ पट्ट्या असायच्या. एकीवर ड्रम, दुसरीवर गिटार, तिसरीवर गायकाचा आवाज. हे सगळं एकत्र करून जी दोन चॅनेलची टेप बनते तिला मास्टर म्हणतात आणि रेकॉर्ड छापली जाते ती तिच्यावरून. मास्टर म्हणजे ढवळलेली मिसळ.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या बाबतीत टोकाचं उदाहरण आहे. पाच मिनिटं ५५ सेकंदांच्या या गाण्यातला ऑपेराचा समूह म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर ही तीनच माणसं. एका आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर चढवत त्यांनी तो समूह उभा केला. एवढ्या एका भागाला सुमारे तीन आठवडे लागले. फीत इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजून ती पारदर्शक झाली, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

२००२ मध्ये एलियट शाइनर या मिक्सिंग इंजिनिअरने मल्टिट्रॅकचं ५.१ मिक्स केलं, तेव्हा हे थर ऐकणाऱ्याच्या भोवती पसरवता आले. समोरून एक आवाज हाक देतो आणि मागून दुसरा उत्तर देतो. स्टिरिओत तो सगळा समूह दोन स्पीकरच्या मधल्या जागेत दाटीवाटीने उभा असतो.

थोडक्यात, मल्टिट्रॅक शिल्लक असेल तरच खरं सराउंड करता येतं.

पुनरुज्जीवन कधी झालं?

१९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ या नव्या तबकड्या आल्या. त्यांवर पाच-सहा चॅनेलचा आवाज बसत होता. मग रांगच लागली. फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा ‘रूमर्स’ २००१ मध्ये, क्वीनचा अल्बम २००२ मध्ये, ‘डार्क साइड ऑफ द मून’ २००३ मध्ये. त्यानंतरच्या काळात स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस अशा बँडचे जुने अल्बम एकामागून एक सराउंडमध्ये आणले.

तबकड्या फार चालल्या नाहीत. चित्र बदललं ते जून २०२१ मध्ये. अ‍ॅपल म्युझिकने डॉल्बी अ‍ॅटमॉसमधली गाणी साध्या हेडफोनवर द्यायला सुरुवात केली. दोन कानांना मिळणाऱ्या आवाजातला तो सूक्ष्म फरक सॉफ्टवेअरच तयार करतं, त्यामुळे खोलीभर स्पीकर लावायची गरज उरली नाही. हेडफोनवरचा हा परिणाम खऱ्या स्पीकरइतका ठळक नसतो, पण लाखो लोकांपर्यंत तो पोचला. २०२३ मध्ये ‘डार्क साइड’ला ५० वर्षं झाली तेव्हा त्याचंही अ‍ॅटमॉस मिक्स आलं.

मग मुंबईत रेकॉर्ड झालेल्या गाण्यांचं काय?

इथे कामाची पद्धतच वेगळी होती. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, फेमस अशा स्टुडिओंत गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत. कित्येक वादक एका हॉलमध्ये आणि गायक वेगळ्या बूथमध्ये. रेकॉर्डिस्ट समोरच्या पॅनेलवर व्हायोलिनचा आवाज वर, तबल्याचा खाली असं तिथल्या तिथे करत जाई. टेक ओके झाला की मिसळ ढवळलेलीच बाहेर यायची.

यात कमीपणा काही नाही. उलट एकही चूक न करता साठ-सत्तर माणसांनी एका दमात गाणं उभं करायचं, ही मोठीच करामत. पण त्या पद्धतीत २४ वेगळ्या पट्ट्या तयारच होत नसत, आणि जे मुळात वेगळं नोंदवलं नाही ते पन्नास वर्षांनी वेगळं मिळणार नाही.

म्हणून जुन्या गाण्यांना ‘नवं’ करायचे इथले मार्ग वेगळे निघाले. एक म्हणजे झंकार बीट्स, जुन्या गाण्यावरच वरून ताल चढवायचा. दुसरा म्हणजे नव्या गायकांकडून तीच गाणी पुन्हा गाऊन घ्यायची.

‘शोले’ हा अपवाद

‘शोले’ ३५ एमएमवर चित्रित झाला आणि नंतर ७० एमएमवर मोठा केला गेला. ७० एमएमच्या प्रिंटवर सहा ट्रॅकच्या चुंबकीय आवाजाची सोय असते, त्यामुळे या चित्रपटाचा आवाज पसरवण्याचा विचार तेव्हाच झाला होता. ध्वनिमिश्रणात परळच्या राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई होते आणि स्टिरिओफोनिक आवाजाचं काम लंडनमध्ये झालं. जय नाणं उडवतो तेव्हा ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून प्रेक्षक खाली वाकून बघत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

तरीही पन्नास वर्षांत काय झालं बघा. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने डागडुजी हाती घेतली तेव्हा मूळ ७० एमएम प्रिंट एकही उरली नव्हती आणि मूळ कॅमेरा निगेटिव्हची अवस्था वाईट होती. इंग्लंडमधल्या एका गोदामात सापडलेल्या फिल्मची मदत झाली. आवाजासाठी मूळ ध्वनी निगेटिव्ह आणि चुंबकीय ध्वनिपट्टीचा आधार घेतला गेला. २७ जून २०२५ ला इटलीतल्या बोलोन्या शहरात या आवृत्तीचा पहिला खेळ झाला आणि १२ डिसेंबरला ती भारतात ५.१ आवाजासह लागली.

देशातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रपटाची ही गत, तर बाकीच्या टेपांचा अंदाज येतो.

टेप खराब कशा होतात?

फितीवरची चुंबकीय पूड चिकटवणारा पदार्थ दमट हवेत ओल शोषतो. मग फीत चिकट होते आणि यंत्रावर चढवली की थर खरवडून निघतो. अशी फीत वाजवण्याआधी साधारण ५०-५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास अक्षरशः भाजावी लागते. त्यानंतर थोड्या दिवसांच्या मुदतीत तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. मुंबईची हवा लक्षात घेतली तर काळजी का करायची ते कळेल.

दुसरा शत्रू आग. १ जून २००८ ला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत लागलेल्या आगीत अनेक मास्टर टेप जळाल्या. पुण्यातही ८ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मोठा ठेवा गेला.

एआयने काही होईल का?

थोडंफार होतंय. ढवळलेल्या आवाजातून गायक, ड्रम, गिटार वेगळे काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२ मध्ये आलेलं मिक्स याच तंत्रावर उभं आहे. २०२३ मध्ये जॉन लेननचा आवाज एका जुन्या कॅसेटमधून वेगळा काढून ‘नाउ अँड देन’ हे गाणं पूर्ण झालं.

पण गिटार, बास, ड्रम वेगळे करणं तुलनेने सोपं. वीस व्हायोलिन, सतार, मेंडोलिन आणि तबला एका हॉलमध्ये एकमेकांच्या माइकमध्ये घुसलेले असतील तर काम फार अवघड होतं. शिवाय अशा कामासाठीही मूळ टेपची उत्तम प्रत लागतेच.

खरं सराउंड कसं ओळखायचं?

- माहितीत मिक्स करणाऱ्याचं नाव आणि साल आहे का, ते बघा. खऱ्या कामाला सहसा नाव असतं.
- ‘मूळ मल्टिट्रॅकवरून’ असा उल्लेख असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे.
- ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ यांत गल्लत नको. रीमास्टर म्हणजे तयार मिसळीला वरून चव देणं. सराउंडसाठी गाणं नव्याने मिक्स करावं लागतं.
- ‘८डी ऑडिओ’ नावाने फिरणाऱ्या क्लिपमध्ये बहुधा साधं स्टिरिओ गाणंच डोक्याभोवती फिरवलेलं असतं. गायकासकट सगळी वाद्यं एकत्र फिरत असतील तर ते सराउंड नव्हे.
- मागच्या बाजूने स्पष्ट, वेगळं वाद्य येतंय की नुसता घुमारा, ते ऐका. नुसता घुमारा असेल तर स्टिरिओ ताणून केलेलं काम असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यांनाच हा प्रकार पसंत आहे असं नाही. कलाकाराने त्या काळी मंजूर केलेलं मिक्स तेच खरं, असं मानणारे श्रोते भरपूर आहेत. क्वीनचं ५.१ मिक्स आलं तेव्हा फ्रेडी मर्क्युरीला जाऊन दहा वर्षं उलटली होती, त्यामुळे त्याला ते आवडलं असतं का, हे विचारायची सोय नव्हती. म्हणूनच चांगल्या आवृत्तीत नव्या मिक्ससोबत मूळ स्टिरिओही दिलं जातं.

पण हा वाद घालायलाही आधी टेप शिल्लक असावी लागते. जुन्या स्टुडिओचं, रेकॉर्ड कंपनीचं किंवा एखाद्या संगीतकाराच्या घरातलं कपाट रिकामं करताना चुंबकीय फितीचं रीळ सापडलं, तर ते भंगारात देऊ नये आणि घरच्या यंत्रावर वाजवूनही बघू नये. एकाच वेळी चालणारी फीत असेल, तर तो आवाज त्या प्रयत्नातच संपतो. ते कोरड्या, थंड जागी उभं ठेवावं आणि ध्वनिफिती जतन करणाऱ्या जाणकारांकडे सोपवावं.