वाट बघण्याचा सिनेमा: ब्रेसाँ, पुणे आणि ‘उसकी रोटी’

चाकणच्या कंपनी बसमध्ये बसून ऐकताय? मग आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी.

रॉबेर ब्रेसाँ हे फ्रेंच दिग्दर्शक. त्यांना कसलेले नट नकोच असायचे. साधी माणसं घ्यायची आणि एकच वाक्य इतक्या वेळा बोलून घ्यायचं, की त्यातला अभिनय गळून पडावा. चेहऱ्याइतकेच हात, पाय, दरवाजे दाखवायचे. बरीचशी गोष्ट आवाजातून सांगायची.

आता याचा पुण्याशी काय संबंध? १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकलेले कुमार शहानी पुढे फ्रान्सला गेले आणि ब्रेसाँच्या ‘यून फाम दूस’ (१९६९) या सिनेमावर सहायक होते. ब्रेसाँचा प्रभाव मानणारे मणी कौलही याच इन्स्टिट्यूटचे. त्यांचा पहिला मोठा सिनेमा ‘उसकी रोटी’ त्याच सुमाराचा.

त्यात घडतं काय? नवरा बस ड्रायव्हर. बायको, बालो, त्याची रोटी घेऊन रस्त्यावर बसची वाट बघते. गोष्ट साधारण एवढीच. नेहमीच्या सिनेमात हे वाट बघणं दोन सेकंदांत उरकलं असतं. ‘फारच संथ’ अशी टीका तेव्हाही झाली. पण ते कापलं, तर बालोच्या आयुष्यात उरतं काय?

शिफ्ट सुटल्यावर नाक्यावर उभी असलेली माणसं आपण रोज बघतो. त्यांचा तो वेळ सिनेमात सहसा येत नाही. या शैलीत तो येतो.

‘उसकी रोटी’ बघाल तेव्हा स्पीड मात्र वाढवू नका. भेटू पुढच्या भागात!