पाईसोबत चेनिन

कांदा-टोमॅटोची पाई घरी भाजली की सोबत चेनिन ब्लां ही पांढरी वाईनच हवी, यावर मी ठाम आहे. लासलगावचा उन्हाळ कांदा मंद आचेवर परतत राहिलं की तांबूस, गोड होतो; पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोची आंबटाई त्याला तोलते. तुरट रेड वाईन या आंबटापुढे कडवट लागते, किंचित गोडसर चेनिन मात्र छान जुळते.

कांदा-टोमॅटोसारखी ही चेनिनही नाशिकचीच. इथली द्राक्षं जुनी, पण ती खायची. राजीव सामंतांनी १९९७ साली गंगापूर धरणाजवळ सॉव्हिन्यो ब्लां आणि चेनिन ब्लां या वाईनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन आली. २००१च्या राज्य धोरणानं उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हा दिंडोरी-निफाडकडेही वायनरी उभ्या राहिल्या, कांद्याच्या चाळींच्या शेजारीच.