पन्हं सगळ्यांचं

'पन्हं' हा शब्द संस्कृत 'पानक'वरून आला. कैरी उकडायची, गर काढायचा, त्यात गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि माठातलं पाणी घालायचं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं, आंबेडाळ आणि पन्हं दिलं जातं. पण कैऱ्या उकडायला विधवा बाई चालायची, हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र तिला नसायचं. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलंय, यंदा चैत्रात तिलाही बोलवायचं, आपल्या शेजारी बसवायचं आणि पन्ह्याचा पेला हातात द्यायचा. तुम्हीही बोलवा.