फिलाडेल्फियाच्या तिघी

१० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेलें एक छायाचित्र आहे. त्यांत कल्याणच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी व सिरियाच्या सबात इस्लांबुली आपापल्या देशी वेषांत दिसतात. तिघी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत शिकत होत्या. पुरुषांच्या वैद्यकशाळा स्त्रियांना घेईनात, म्हणून क्वेकर मंडळींनीं १८५० सालीं हें महाविद्यालय काढलें. आफ्रिकी वंशाच्या रेबेका कोल येथूनच १८६७ सालीं डॉक्टर झाल्या होत्या.

आनंदीबाईंना या वाटेवर आणलें तें दुःखानें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांतच, पुरेशा उपचारांवांचून गेलें. हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टर हव्यात, हें त्यांनीं १८८३ सालीं सेरामपूरच्या सभेंत निक्षून सांगितलें. प्रबंधालाही त्यांनीं हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला. परदेशीं राहून घरचें विसरणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्री-विभागावर नेमणूकही झाली. पण क्षयानें गांठलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वी, त्या पुण्यांत वारल्या.

त्याच वर्षीं मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंना, नांदावयास जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असें फर्माविलें. त्या नांदावयास गेल्या नाहींत. लंडनला गेल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या आणि पुढें सुरत व राजकोट येथें त्यांनीं तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांना औषधपाणी केलें.