इंग्रजी कुणाला परकी आहे?

इंग्रजीचे शिक्षण सुधारावे म्हणून १९५८ साली हैदराबादला एक केंद्रीय संस्था निघाली. आज ती ‘इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी’ आहे. या नावातला ‘अँड’ जरा थांबून वाचा. फ्रेंच परकी, जर्मन परकी, रशियन परकी; इंग्रजी मात्र त्यांच्या रांगेत नाही. ती जवळजवळ घरची. भाषाशिक्षणाच्या शास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत. जी भाषा वर्गाबाहेरही दुकानात, कचेरीत, शेजारी कानावर पडते, ती द्वितीय भाषा. जी फक्त वर्गातच भेटते, ती परकी भाषा. दोन्ही शिकवायच्या पद्धती वेगळ्या असतात. भारतातल्या विद्यापीठांनी मात्र ठरवून टाकले आहे की इथे इंग्रजी द्वितीय भाषा आहे. कुणाच्या घराकडे बघून हे ठरवले, असा माझा प्रश्न आहे.

नरडाणा घ्या. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. मुंबई-आग्रा महामार्ग जवळ, सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्टेशन, शेजारी एमआयडीसी. म्हणजे आडरानातले गाव नव्हे. तरी इथल्या बौद्ध वस्तीत आणि भिलाटीत घरची बोली अहिराणी आहे. पुस्तकातली प्रमाण मराठी हीच मुलाची दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी, आणि तीही शब्दापुरती. सिग्नल, गँगमन, शिफ्ट, हेल्पर, सुपरवायझर हे शब्द सगळ्यांना येतात, पण त्यांच्यापुढे वाक्य नाही. हा मुलगा किंवा ही मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसते, तेव्हा समोर येणारा इंग्रजीचा पेपर गृहीत धरतो की भाषा तर तिला येतेच, आता निबंध आणि कविता समजावून घ्यायच्या आहेत. मास्तर मराठीत गोष्ट सांगतात, मुले गाइड पाठ करतात, पेपर सुटतो किंवा राहतो. इंग्रजी मात्र कोणीच शिकवलेली नसते. गंमत अशी की आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्या बहिणाबाईंचे नाव आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची कविता खानदेशी बोलीतली आहे.

हे एकदोन कॉलेजांचे दुखणे असते तर लेख लिहायची गरज नव्हती. याला इतिहास आहे, आणि तो आपल्याच लोकांनी अर्धवट सांगितला आहे.

आपल्यातले काही जण मेकॉलेची जयंती करतात. उत्तर प्रदेशात २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. चीड कळते, भूमिका पटत नाही. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉलेने शूद्र-अतिशूद्रांसाठी इंग्रजी मागितली नव्हती. सरकार आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करील असा एक छोटा वर्ग त्याला हवा होता. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली पाझरेल, हा त्या काळच्या धोरणाचा पाया. पाझरले काय? १८५६ साली, मुंबई इलाख्यातल्याच धारवाडला, एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. कायद्याने अडचण नव्हती. तरी सरकारने हात वर केले: एका मुलासाठी इतर सगळ्या जातींना दुखवायचे नाही. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ उघडले तेव्हा आपल्या मुलाला त्याच्या पहिल्या पायरीवरूनच परत पाठवून झाले होते.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातली प्राथमिक शाळा रिकामी राहते, असा त्यांचा आरोप होता. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्याच काळाचा तक्ता दिला आहे. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यात ‘खालच्या जातीं’ची मुले प्राथमिक शाळेत २,८६२, मिडल स्कूलमध्ये १७, हायस्कूलात शून्य, कॉलेजात शून्य. इंग्रजी सुरू व्हायची ती मिडल स्कूलपासून. म्हणजे अख्ख्या इलाख्यात सतरा मुले इंग्रजीच्या दारापर्यंत पोचली होती. हा तक्ता आपल्या प्रत्येक अभ्यास वर्गात भिंतीवर हवा.

दुसऱ्या बाजूला काय चालले होते? जयंतीच्या बॅनरवर ‘वाघिणीचे दूध’ हे शब्द बाबासाहेबांच्या नावावर छापले जातात. ते रूपक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांनी ते इंग्रजी विद्येसाठी वापरले. हेच चिपळूणकर ‘निबंधमाले’तून जोतीरावांची टिंगल करत होते. १८८० साली त्यांनी आणि टिळकांनी पुण्यात शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. स्वधर्म, स्वभाषेचा जयघोष करणाऱ्यांनी स्वतःच्या मुलांच्या शाळेला कोणते नाव दिले ते बघा. वाघिणीचे दूध आपल्या घरात ठेवायचे आणि दुसऱ्याला मातृभाषेचा महिमा सांगायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या इंग्रजीबद्दल आपण बोलतो ते चमत्कार सांगावा तसे, आणि त्यामुळे ती इंग्रजी आली कशी हा कामाचा प्रश्न राहून जातो. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते. सैन्यात शिक्षणाची सोय होती म्हणून महार कुटुंबांत थोडीफार अक्षरे आली. १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली आणि तोही रस्ता मिटला. रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली, असे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. या पाठमालेत काय असते? एक मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी; नियम, मग सराव. आजचे तज्ज्ञ या पद्धतीला जुनाट म्हणतील. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. मुलाला इंग्रजी येत नाही, हे ती पहिल्या पानावरच मान्य करते. त्याला येणाऱ्या भाषेतून ती हात धरून नेते. म्हणजे परकी भाषा परकी म्हणूनच शिकवते. शेजारी बसून रोज धडा घेणारा बाप असल्यावर हे जमले. आपल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे ना रामजी आहेत ना पाठमाला. त्याच्याकडे आहे गाइड.

खानदेशात कॉलेज आले तेच उशिरा. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही १९४५ ची. त्याआधी नाशिक, पुणे किंवा मुंबई. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही त्याने वसतिगृहाचा खर्च कुठून करायचा? या कॉलेजांचे विद्यापीठ आधी मुंबईला होते, मग पुण्याला, आणि १९९० मध्ये जळगावला आले. अंतर कमी होत गेले. इंग्रजीचे अंतर मात्र शाळेतच वाढवून ठेवले होते.

स्वातंत्र्य मिळताच मुंबई राज्यात खेर सरकारने १९४८ मध्ये पाचवी ते सातवीची इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून ठेवली. स्वभाषेचा अभिमान म्हणून हे योग्यही वाटेल. पण आठवीपर्यंत गावचा किती विद्यार्थी टिकत होता, हे विचारा. मग ६ जानेवारी १९५४ ला सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाईतर वंशाची मुले सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीच्या बार्न्स हायस्कूलवर हा आदेश आला. शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी कोर्टात गेली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. निकाल चांगलाच झाला. परिणाम मात्र बघा. ज्याच्याकडे फी होती त्याच्यासाठी इंग्रजी शाळेचे दार खुले राहिले, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याच्यासाठी सरकारची इंग्रजी आठवीलाच सुरू होत राहिली. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, पहिलीपासून. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे तेव्हा मराठी शाळेत होती, हे एकदा मोजायला हवे होते.

इंग्रजी हातात आली की काय होते याचा पुरावा औरंगाबादला आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तिथे कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तिथले इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकायला गेले, त्यांनी तिथले कृष्णवर्णीय लेखक वाचले आणि परत येऊन ते आपल्या लिहिणाऱ्या पोरांपुढे ठेवले. दलित साहित्याला जगातला आपला भाऊबंद सापडला तो असा. १९७२ ला ‘पँथर’ हे नाव घेताना अमेरिकेतली ब्लॅक पँथर पार्टी आपल्या पोरांना माहीत होती. हे सगळे साहित्य मराठीत लिहिले गेले. इंग्रजी शिकल्याने मराठी सुटते हे खरे नाही. बाबासाहेबांनीही ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीतच चालवले.

उलट बाजूही सांगतो. महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन खंडांत छापायला सुरुवात केली, ते मुख्यतः इंग्रजीत. १९८७ च्या चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’वरून वाद पेटला आणि १९८८ च्या फेब्रुवारीत लाखो लोक मुंबईत रस्त्यावर उतरले. आपल्या इतिहासातला हा मोठा मोर्चा. त्यातल्या बहुतेकांना ते पुस्तक वाचता येणे शक्य नव्हते, कारण ते इंग्रजीत होते. पुस्तकासाठी लढलो आणि पुस्तक बंदच राहिले, ही आपली स्थिती. २०२१ मध्ये या खंडांची छपाई आणि विक्री रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मराठी भाषांतरांची वाट बघत पिढ्या जातात.

आणि न्यायालयाचे म्हणाल तर माझ्या कामात हेच रोज दिसते. अॅट्रॉसिटीची फिर्याद मराठीत, जबाब मराठीत. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४-अ प्रमाणे जामिनावरचे अपील उच्च न्यायालयात जाते. धुळे-जळगाव-नंदुरबारसाठी ते औरंगाबाद खंडपीठात. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथले कामकाज इंग्रजीत. कलम १५-अ पीडिताला ऐकून घेण्याचा हक्क देते. पण आरोपीला जामीन कोणत्या कारणाने मिळाला हे त्या पानात लिहिलेले असते, आणि ते पान घेऊन आई गावातल्या पदवीधराकडे येते. पोरगा बी.ए. आहे, इंग्रजीचा पेपर पास आहे, आणि त्याला ते वाचता येत नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांचेही फार वेगळे नाही. वर्ग मराठीत, नोट्स मराठीत. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत.

म्हणून आपल्यातलेच काही कार्यकर्ते ‘मुले नापास होतात, इंग्रजी ऐच्छिक करा’ अशी मागणी करतात तेव्हा मी विरोध करतो. नापास होणे थांबेल, पण मुलगा १८८२ च्या तक्त्यात परत जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला भाषेसाठी मोजके श्रेयांक ठेवले आहेत. त्यातही इंग्रजी आणखी पातळ करण्याची घाई दिसते. पातळ इंग्रजीने शहरातल्या मुलाचे काही बिघडत नाही, त्याला ती बाहेर मिळते. मागणी अशी हवी की विद्यापीठाने खानदेशात इंग्रजी ही परकी भाषा आहे हे लेखी मान्य करावे. शून्यातून सुरू होणारा अभ्यासक्रम, वीस-पंचवीस जणांचे वर्ग, बोलण्याची परीक्षा, आणि आधाराला मुलाची स्वतःची बोली.

शेवटच्या मुद्द्यावर लोक हसतात. अहिराणीतून इंग्रजी? का नाही? ग्रियर्सनने भाषा सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या खंडात जागा दिली; तिचे व्याकरण वेगळे आहे म्हणूनच. मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असा लिंगाप्रमाणे बदल होतो. अहिराणीत ‘तो जास, ती जास’. इंग्रजीत ‘ही गोज, शी गोज’. तिथेही लिंगाने क्रियापद बदलत नाही. मराठीतून शिकवताना जो फरक समजावत बसावे लागते, तो अहिराणी बोलणाऱ्या मुलीला आधीच अवगत आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून रान पेटले, शासन निर्णय निघाले आणि मागे घेतले गेले. त्या सगळ्या गोंधळात शिंदखेडा-साक्रीच्या मुलाची बोली कोणती, हे कुणाच्या भाषणात आले नाही.

विद्यापीठ हलेल तेव्हा हलेल. ३१ जुलैला आपण दरवर्षी लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब धुळे कोर्टातल्या कामासाठी बॅरिस्टर म्हणून आले होते आणि तिथे थांबले होते. यंदा तिथून परतल्यावर नरडाण्याच्या आसपासच्या विहारांत रविवारचे दोन तास ठरवता येतील का, ते बघा. एका हातात ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे मूळ पान, दुसऱ्या हातात त्याचे मराठी, आणि मध्ये जुनी तर्खडकरांची पद्धत: एक वाक्य, त्याचा अर्थ, मग तेच वाक्य स्वतः बोलायचे. पहिले तीन महिने त्या पुस्तकाची दहा पाने झाली तरी पुरे. चौथ्या महिन्यात जामिनाचा एक जुना आदेश घ्यायचा, नावे खोडून. ज्यांना इंग्रजी शिकवता येते अशा आपल्या प्राध्यापकांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी हे चालते. गावाची यादी मी करतो आहे. ज्यांच्या विहारात फळा आणि बसायला जागा आहे त्यांनी कळवावे.